लोक म्हणतात ते

पौषात अवेळी पाऊस आला. रानात फुटलेली कपाशी भिजत होती, आणि धामणगावात मी शिकवत होते त्या मुलींच्या शाळेपुढेच मार्तंडराव देशमुखांच्या बैलांच्या दमणीचं चाक निखळलं. मलकापूरचे हे तरुण वकील डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीला उभे होते. पडवीत बसून ते भिजलेलं भाषण वाळवू लागले.

"बाई, हे कसं वाटते? व्हॉक्स पॉप्युलाय, व्हॉक्स डेई... लॅटिन आहे. लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज!"

"इथल्या लोकायले लॅटिन काऊन ऐकवता? पाचामुखी परमेश्वर म्हणा की."

ते बघतच राहिले. "मी कॉलेजात चार वर्षं घासली — आन् तुम्ही चार शब्दांत..."

"दोनच आहेत. वकील असून मोजता येत नाही?"

केवढे हसले! मलाही हसू आलं. चौदाव्या वर्षी माझं कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून परक्या माणसासमोर मी हसले नव्हते.

मग दर बाजाराला ते येऊ लागले. एकदा रुमालात गरम हुरडा घेऊन आले. "खा ना, थंडा होऊन राह्यला." पोरींसमोर कशी खाणार?... खाल्ला मात्र.

आम्हा देशमुखांत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागत नाही. तरी ते म्हणाले, "निवडणूक होऊ द्या, तुमच्या वडलायले भेटतो." मी हो म्हटलं नाही. घरी जाऊन कितीतरी वर्षांनी आरशात नीट पाहिलं, एवढंच.

गावाला कळायला कितीसा वेळ! विहिरीवर मी गेले की बाया गप्प होत. मी मनात म्हणे, बोला बाई, बोला.

शेवटच्या सभेत विरोधी गटाचे उत्तमराव पाटील उठले. "वकीलसाहेब, लोक म्हनतात, तुमी शाळेतल्या कोकिळाबाईसंग पाट लावून राह्यले. खरं हाय का?"

मी बायांच्या मागे उभी होते. मार्तंडरावांनी मला पाहिलं... आणि नजर वळवली.

"लोकायच्या तोंडाले कोण हात लावते? त्या बाईची मले ओळखही नाही."

टाळ्या पडल्या. ते निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आले. कॉलरवर गुलाल होता. "कोकिळा, ते मतांपुरतं होतं. आता मी कोणाले भेत नाही. आजच तुझ्या वडलायकडे जातो."

"नका जाऊ."

"एका शब्दासाठी?"

"लोक खरं बोलत होते, मार्तंडराव. अख्ख्या सभेत तुम्ही एकटे खोटं बोलले. उद्या पुन्हा मत मागायचं आलं, तर मी कोण होईन?"

त्यांनी कॉलरवरचा गुलाल झटकला. मग हळूच म्हणाले, "तुझ्या मनात... काहीच नव्हतं?"

"होतं. गाव म्हणत होतं, त्याच्याहून जास्त होतं."

आणि मी पोरींना आत घेतलं.