दाराजवळची खुर्ची

त्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एकवीस खुर्च्या होत्या, पण कामाची एकच – संडासाच्या दाराला लागून असलेली. मी धापा टाकत पोचले, तिच्यावर पिशवी ठेवली, आणि नेमका त्याच वेळी तिच्या पाठीवर एका पुरुषाचा हात पडला.

"मी आधी आलो," तो म्हणाला.

"पिशवी आधी आली."

त्यानं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पांढऱ्या मिशा, काळी पँट, आणि डोळे असे की... जाऊ दे. डोळ्यांचं मागाहून. तुम्ही पोरी ज्या प्रेमाच्या गोष्टी वाचता, त्यांतली बाई पहिल्या भेटीत लाजते. मी फणफणत होते.

फणफणायला कारण होतं. नवरा गेला तेव्हा घरात शिवणाच्या दोन मशिनी होत्या, त्यांच्या मी चौदा केल्या. शाळा तिसरीपर्यंत, पण माणूस उंबरा ओलांडेपर्यंत त्याला कापड किती लागेल ते मी सांगते. अख्खी गल्ली मला मालकीणबाई म्हणते. आणि ही मालकीणबाई दोन वर्षं स्वतःच्या कारखान्यात उतरली नव्हती. वरच्या खिडकीतून ओरडून कामं करून घ्यायची. घरात सांगितलं होतं, गुडघे गेले. गुडघे ठणठणीत होते. धाकट्याच्या बाळंतपणापासून शिंक आली की थेंब जायचा, साठीनंतर थेंबाची धार झाली. एकदा कटिंगच्या टेबलाशी एका पोरीनं गिऱ्हाइकाची नक्कल केली, मी पोट धरून हसले, आणि पायाशी पडलेलं अस्तराचं कापड... त्या दिवसापासून खाली जाणं बंद. हसणंही बंद.

तीन डॉक्टर केले. तिघांनी मान वर न करता सांगितलं, बायकांचं असं व्हायचंच. व्हायचंच म्हणे. दाढदुखी पण व्हायचीच, तिला कुणी असं म्हणून घरी पाठवत नाही.

मग त्या दवाखान्याच्या भिंतीवर कागद दिसला. अक्षर लावत लावत वाचला. ज्यांना लघवी थांबत नाही, त्यांच्या रोजच्या जगण्याचं काय होतं याचा सहा महिने अभ्यास करणार होते, आणि अभ्यासात घेतील त्यांना ताबा आणणारे व्यायाम शिकवणार होते. आधी तीन दिवस एक वही भरायची – कधी गेलात, मापाच्या मगात किती भरली, कपड्यात कधी गेली, कशामुळे गेली. वही पाहून ठरवणार, कुणाला घ्यायचं.

तर खुर्ची. शेवटी त्यानं ती मला दिली आणि शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. मी कोण आहे ते मी त्याला ऐकवलंच. तो बसचा ड्रायव्हर होता, निवृत्त झालेला, बायको जाऊन सात वर्षं झालेली. एकतीस वर्षं वाटेत थांबायची सोय नव्हती म्हणून दाबून धरली, मग प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि गळायला लागली. काळी पँट त्यासाठीच. पुरुषांनाही हे होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि एक पुरुष ते हवापाण्यासारखं सांगत होता, याचा मला भयंकर राग आला.

त्याची वही मांडीवर उघडी होती. गाडीच्या नोंदीसारखी लिहिलेली. सकाळी आठ पाच – गेली, थोडी, कारण जिना. दहा वीस – गेली, बरीच, कारण ओळखीचा माणूस भेटला आणि हलेना. मग त्याची नजर माझ्या वहीवर गेली. मी झाकायच्या आत त्यानं पाहिलं.

"मालकीणबाई... सगळी शून्यं?"

"मग?"

"मग मघाशी खुर्चीसाठी माझा हात मोडायला निघाला होतात, ते कशाला? इथं हवा बरी लागते म्हणून?"

संडासाच्या दारात, हवा बरी. मी ओठ चावले. पदर तोंडात कोंबला. पण दोन वर्षांचं साठलेलं हसू ते, बांध फुटावा तसं आलं – आणि त्याच्याबरोबर दुसरंही आलं. मला कळलं. त्यालाही कळलं, कारण त्याचे डोळे एकदम गंभीर झाले.

तो उठला. तरातरा समोरच्या टेबलापाशी गेला आणि तिथल्या बाबूवर आवाज चढवला – माझा नंबर गाळलाच कसा, आम्ही काय फुकट बसलोय. त्याचा नंबर यायला अजून पाच माणसं होती. सगळ्या माना तिकडे वळल्या. कुणीतरी त्याला मिशा असून अक्कल नाही असंही म्हणालं. मी पिशवी पुढे धरून शेजारच्या दारातून आत गेले. आतून ऐकत होते, तो थांबतच नव्हता. मी लुगडं बदलून, खुर्ची पुसून बसले, तेव्हा कुठे बाबूची माफी मागून परत आला.

"कुणी सांगितलं होतं भांडायला?" मी दातओठ खात विचारलं.

"कुणी नाही. एकतीस वर्षं आरशात मागची माणसं बघितलीत. कुणाला उतरायचंय, ते चेहऱ्यावरून कळतं."

आता डोळ्यांचं सांगते. तपकिरी होते, आणि हसत नव्हते. हसले असते, तर मी त्याला आयुष्यात माफ केलं नसतं.

माझा नंबर लागला. तपासणीच्या खोलीत अभ्यासवाली पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. वही बघून तिला आनंद झाला. "आजी, एकदाही नाही? छान. पण मग तुम्हाला घेता नाही येणार."

उठून निघून जाणं सोपं होतं. घरी खिडकी होतीच वाट बघत. पण बाहेर एका माणसानं माझ्यापायी वीस जणांत स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं होतं.

"खोटं लिहिलंय," मी म्हणाले. "दिवसाला पाच-सहा वेळा जाते. आत्ताही गेली." तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. जीभ जड झाली, पण तुटली नाही.

मग तिनं लांबलचक कागद काढला. काम सुटलं का, बाहेर जाणं सुटलं का, झोप, हसणं... सगळ्याला हो. शेवटचा प्रश्न तिनं नुसता वाचला – यामुळे जोडीदाराशी जवळिकीवर परिणाम झाला आहे का – आणि माझ्याकडे न बघता 'लागू नाही'वर खूण केली.

"मला विचारलंस?"

"आजी, तुमचे मिस्टर तर..."

"ते गेले, बारा वर्षं झाली. मी आहे अजून. विचारलंस का?"

ती लाल झाली. खूण मात्र तशीच राहिली. ती खूण मला महिनोन्‌महिने खुपली, बोटात अडकलेल्या सुईच्या टोकासारखी.

अभ्यासात दोघांनाही घेतलं. दर गुरुवारी व्यायामाला बोलवत. ड्रायव्हर आधी येऊन खुर्ची धरून ठेवायचा, मी आले की उठायचा. दवाखान्यानं त्याला बायकांचे पॅड दिले होते. ते सरकायचे, मला त्याच्या चालण्यावरून कळायचं. मी म्हटलं, यांना पुरुषाच्या अंगाचं शिवता येत नाही तर मी शिवते. जुन्या धुतलेल्या सुताचे चार पदर, वर मऊ फ्लॅनेल, खाली रेनकोटचं कापड. सहा नग कागदात गुंडाळून त्याच्या पुढ्यात टाकले.

"कंबर अडतीस धरलीय."

त्यानं पुडकं हातात घेतलं. "माझी कंबर बघितलीत कधी?"

"चाळीस वर्षं नजरेनं मापं घेते. फुगून जाऊ नका."

पुढच्या गुरुवारी त्यानं मला एक घडी घातलेला कागद दिला. पोरींनो, मला नवऱ्यानंही कधी चिठ्ठी लिहिली नव्हती. बागेतल्या तळ्यापर्यंतचा रस्ता होता तो, माझ्या दारापासून. तो स्वतः चालून आला होता. वाटेवरचा प्रत्येक संडास त्यानं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिला होता, मला वाचता यावं असा. बेकरीच्या मागे, कडी मोडकी, मी बाहेर उभा राहीन. वाचनालयात, स्वच्छ, म्हातारा शिपाई भला आहे. तळ्याजवळ, पाणी येतं. खाली लिहिलं होतं – सात स्टॉप, घाई नाही.

मी तो कागद पोलक्यात ठेवला आणि दोन वर्षांनी तळं पाहिलं. पाण्यावर ऊन थरथरत होतं. आमच्या मध्ये बाकावर माझी पिशवी होती. त्यानं ती उचलून पलीकडे ठेवली.

बातमी घरी पोचायला किती वेळ लागतो? मुलगा जेवताना म्हणाला, आई, या वयात, लोक तोंडात शेण घालतील. आणि गुडघे दुखतात तर तळ्यावर जातेस कशी? मी ताट सरकवलं. गुडघ्याचं नाही, म्हटलं, मला लघवी आवरत नाही. तुझ्या धाकट्या भावापासून. आणि तो माणूस मला तिथे नेतो, जिथे मी तुमच्या लाजेपायी जात नव्हते.

मुलाचा घास हातात राहिला. सूनबाई मात्र माझ्याकडेच बघत होती. भांडी घासताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई... दुसऱ्या खेपेपासून माझंही..."

तेव्हा जो राग आला तो कुणावर काढू? डॉक्टरांवर काढला असता, पण ती माझ्याच छपराखाली गप्प होती. माझ्याकडूनच शिकली होती गप्प राहायला. गुरुवारी तिला हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरून कारखान्यात गेले. पोरींनी मशिनी थांबवल्या. मी म्हटलं, बघता काय, मी मेले नव्हते.

सहा महिने भरले. तीच खोली, तीच पोरगी, तोच कागद. वही या वेळी खरी होती. दिवसाला सहाची एक झाली होती. बरी झाले असं नाही म्हणणार, पण आता लघवीचं मी ऐकत नव्हते, माझं ती ऐकत होती. प्रश्न संपत आले. तिचं पेन सवयीनं 'लागू नाही'कडे निघालं.

मी तिच्या हातावर हात ठेवला. उठले आणि दार उघडलं. ड्रायव्हर बाहेर होता – दाराजवळच्या खुर्चीवर नाही, मधल्या रांगेत, शेजारच्या जागेवर माझी पिशवी ठेवून. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आत या. एक प्रश्न दोघांना आहे."

तो आत आला. पोरीनं प्रश्न पुन्हा वाचला, या वेळी माझ्याकडे बघून.

त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "पण मला अजून कुणी जोडीदार म्हटलेलं नाही."

"आता म्हणतेय. की लेखी लागतं?"

"लेखी बरं. गाडी स्टॉप सोडून पुढे गेली, तर पुरावा हवा."

मला हसू आलं. ओठ चावले नाहीत, पदर कोंबला नाही. चांगली खळखळून हसले, आणि थोडी गेलीच. त्याला कळलं. तो बाबूशी भांडायला गेला नाही. माझा हात हातात घेऊन तिथेच उभा राहिला.

"ती जुनी खूण खोड," मी पोरीला सांगितलं. "आणि वहीत आजचं लिही. अकरा दहा – गेली, थोडी. कारण, हसू."