शिवाच्या कांजिण्या

लालबागच्या मेडिकलमध्ये दुपारी गर्दी नसते. जुई काउंटरवर औषधं लावत होती, तेवढ्यात तो आला. उंच, घाईत, हातात गेरूची पुडी.

"खाजेवरचं काहीतरी द्या. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नागीण झालीय. कमरेला एका बाजूला फोड आलेत, आग होतेय नुसती. शेजारचे गुणाजीकाका म्हणाले गेरू लावा, नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस संपतो..."

"असं काही होत नसतं," जुई शांतपणे म्हणाली. "फोड कधी उठले?"

"काल सकाळी."

"मग आजच डॉक्टरकडे न्या. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर चांगला गुण येतो."

"गोळ्या तुम्हीच द्या ना."

"चिठ्ठीशिवाय नाही."

"कडक आहात."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं. "तुम्हाला कांजिण्या झाल्यात का कधी? त्याच विषाणूची ही नागीण. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगात झोपून राहतो नि वय झालं की कधीतरी उठतो. ज्याला त्या झाल्या नसतील, त्याला या फोडांतल्या पाण्यानं कांजिण्या होऊ शकतात."

"झाल्यात. आई सांगायची."

संध्याकाळी तो चिठ्ठी घेऊन आला. दोन दिवसांनी तात्यांना बरं वाटतंय हे सांगायला आला. मग नुसताच आला. नाव शिवा, चिंचपोकळीला हार्मोनियम दुरुस्त करण्याचं छोटंसं वर्कशॉप.

"तात्या विचारत होते, त्या मुलीचं नाव काय," एकदा तो म्हणाला.

"तात्या?"

"हो... तात्याच."

"त्यांना सांग, जुई."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दोन आठवड्यांत टपरीवरचे किती चहा झाले, तेही नाही.

फणसवाडीत जुईच्या घरी रविवारी उर्मिलावहिनीचं डोहाळजेवण होतं. घरातली जुनी पेटी कितीतरी वर्षं मुकी होती. "ती सुरात आण आणि वाजव," जुई त्याला म्हणाली, "वहिनीला ऐकायचीय." आईलाही त्याला बघायचं होतं, ते मात्र जुईनं त्याला सांगितलं नाही. "आणि तात्यांच्या फोडांवर खपल्या धरल्या ना? वहिनीला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत. अशा दिवसांत त्या झाल्या तर वाईट."

"कधीच धरल्या."

रविवारी जुई हिरवी साडी नेसली. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला मेसेज आला – 'येता येत नाही. सॉरी.' तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही. पेटी तशीच कोपऱ्यात राहिली. रात्री साडीची घडी घालताना जुईनं ठरवलं – आता आपण विचारायचं नाही.

सोमवारी दुकानात फोन आला. तात्या होते.

"गो पोरी, शिवाला कांजिण्या आल्यात. लहानपणी त्याला झालेला तो गोवर. त्याची आई दोन्हींना बायाच म्हणायची. काल नवा शर्ट घालून निघालेला. जिन्यात अंग तापल्यासारखं वाटलं, पाठीवर दोन पुळ्या दिसल्या... तिथूनच मागे फिरला. म्हणाला, तिकडे पोटुशी बाई आहे."

ड्युटी संपताच जुई चिंचपोकळीला त्यांच्या घरी गेली. तात्यांनी आतली खोली दाखवली; तिचं दार आतून बंद होतं.

"येऊ नकोस," आतून शिवा म्हणाला.

"मला चौथीत झाल्यात. उघड."

"तोंड बघवणार नाही."

"मी शर्ट बघायला आलेय."

दार उघडलं. चेहराभर पाणीदार फोड, डोळे तापानं लाल. जुई त्याच्याकडे बघतच राहिली... आणि तिला तो आवडला. काल आवडला असता त्याहून जास्त.

"डॉक्टरला दाखवलंस? मोठ्या वयात जोरात येतात."

"सकाळीच. गोळ्या चालू आहेत."

"काल खरं का नाही सांगितलंस?"

"आधी खात्री नव्हती. मग इतका ताप चढला की कळेना काही... आणि वाटलं, तुला बहाणा वाटेल."

तिनं पिशवीतून कॅलामाइनची बाटली काढली, मग नेलकटर. "हात दे. नखं वाढलीत. खाजवलंस तर व्रण राहतील."

एकेक बोट धरून ती नखं कापू लागली. त्याचा तळवा कढत होता. दहावं बोट झालं तरी तिनं हात सोडला नाही.

"झाली ना?" तो हळूच म्हणाला.

"झाली."

"मग..."

"मग काय? शेवटची खपली धरेपर्यंत घरातच बसायचं. त्यानंतर फणसवाडीला यायचं."

"आई विचारतील, हा कोण. काय सांगशील?"

जुईनं त्याच्या बोटांत बोटं गुंतवली.

"माझा आहे म्हणून सांगीन."