पाच चाळीसची इस्त्री

भुसावळात बाहेरची वीज आता दिवसाचे जेमतेम सहा तास येई. उरलेले अठरा तास प्रत्येक घर आपापल्या इन्व्हर्टरवर चाले. त्यामुळे घरातल्या माणसाला ताप आला तर लोक गोळी देऊन स्वस्थ बसत, पण इन्व्हर्टरला आला की सगळ्या घराच्या तोंडचं पाणी पळे. भिरूडसरांच्या इन्व्हर्टरला गेले तीन आठवडे रोज ताप येत होता.

आणि तोही घड्याळ लावून. संध्याकाळी पाच चाळीसला जिन्याखालच्या पेटीतून गुणगुण सुरू होई, आतल्या ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर चटका बसे, आणि सव्वासहाला सगळं गार. गल्लीतल्या मेकॅनिकने धूळ झटकली, जोडण्या आवळल्या, बॅटरी तपासली. घरात त्या वेळी साधा मिक्सरसुद्धा चालू नसतो, मग हा तापतो कशाने, असं तो सरांनाच विचारून गेला. शेवटी सरांनी पेटीसमोर टेबलफॅन लावला. तो फॅनही त्याच इन्व्हर्टरवर चालतो, हे त्यांच्या पत्नी उज्ज्वलाबाईंनी चार दिवसांनी सांगितलं.

सरांना घाई होती, कारण रविवारी साडेपाचला कॉलनीचा ज्येष्ठ नागरिक संघ त्यांचा सत्कार करणार होता. विषय होता नियमित जीवन. आता खरं सांगायचं तर सर तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होते आणि त्या तीस वर्षांत पहिली घंटा त्यांना कधी सापडली नव्हती. मुख्याध्यापक बदलले, सरांचा लेटमार्क बदलला नाही. पण तीन वर्षांपूर्वी काय झालं कोण जाणे, सर पहाटे पावणेपाचला उठून गिझर लावू लागले, संध्याकाळी पाच चाळीसला उद्याच्या शर्टाला इस्त्री करू लागले आणि नऊला अंथरुणावर पडू लागले. ही इच्छाशक्ती, असं ते म्हणत. त्यांचं पाहून कॉलनीतली आणखी सहा घरंही तशीच सुधारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला नावाजतंय, याचं सरांना फार अप्रूप होतं, आणि ऐन सत्काराच्या दिवशी घर अंधारात बुडून त्या नियमाला गालबोट लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

कंपनीने मेकॅनिक पाठवला नाही. शुक्रवारी दुपारी स्वतः डॉ. केतकी सरोदे आल्या. ट्रान्सफॉर्मरचा गाभा ज्या धातूचा होता, तो बनवणाऱ्यांपैकी त्या एक. सरांनी त्यांना चहा दिला आणि हा गाभा म्हणजे काय भानगड आहे ते विचारलं.

केतकीने कवायतीचा दाखला दिला. ट्रान्सफॉर्मरमधल्या लोखंडाच्या कणांना वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट फिरवते, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. मागच्या रांगेतली काही पोरं वळायला कुरकुरतात. त्यांना वळवण्यात जी शक्ती वाया जाते, तिची उष्णता होते. केतकीच्या प्रयोगशाळेने या कुरकुरीचाच उपयोग करून घेतला होता. त्यांचं स्मरणपोलाद घरात कधी किती वीज लागते ते लक्षात ठेवतं आणि हुकूम येण्याआधीच कण वळवून ठेवतं. त्यात पुष्कळ वीज वाचते.

"आणि हुकूम आलाच नाही तर?" सरांनी विचारलं.

"तर सगळी तयारी फुकट जाते आणि गाभा तापतो. तीन आठवड्यांपूर्वी पाच चाळीसचं काय बंद केलंत तुम्ही?"

उज्ज्वलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, इस्त्री जळाली. तेव्हापासून कपडे बाहेर देतोय.

सरांचा चेहरा उजळला. म्हणजे आपली शिस्त लोखंडालासुद्धा लागली तर. रविवारच्या भाषणात हे घालायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं. केतकी मात्र पेटीला यंत्र जोडून एकेक आकडा वाचत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तिने हळूच विचारलं, हा बसवला तेव्हा विसरवणी केली होती ना?

विसरवणी म्हणजे नवा गाभा घरी आल्यावर तासभर इतका तापवायचा, की त्यातलं सगळं चुंबकत्व जाऊन तो कोरा व्हावा. सरांना तो दिवस चांगला आठवत होता. तीन वर्षांपूर्वी कॉलनीत सात इन्व्हर्टर एकदमच घेतले होते आणि ते आले नेमके खंडेनवमीला. सरांनी सातही पेट्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मग कंपनीचा माणूस त्या तापवायला निघाला. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं, तापवणं तर दूरच, असं सांगून सरांनी त्याला पेढे दिले आणि सातही कागदांवर आपण सही करून वाटेला लावलं.

"सर, मग ही तुमची वेळ नाही," केतकी म्हणाली. "ही आमच्या कारखान्यातल्या चाचणीयंत्राची आहे. गाभा तिथे महिनाभर असतो. पावणेपाचला गिझरएवढा भार, पाच चाळीसला इस्त्रीएवढा, आणि नऊला चाचणी बंद."

सर म्हणाले, असेल, पण उठतो तर मीच ना. तेव्हा केतकीने समजावलं की नेमक्या वेळी वीज मागितली तर गाभा हसतखेळत देतो आणि अवेळी मागितली तर कुचराई करतो. गिझर कोमट राहतो, इस्त्री तापत नाही, दिवे मंदावतात. माणूस दोन-चार महिने वैतागतो आणि मग जेव्हा सुरळीत चालतं तेव्हाच कामं उरकू लागतो. आपण बदललो हे त्याच्या लक्षातही येत नाही.

उज्ज्वलाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसता हसता मध्येच थांबल्या. रात्री नऊनंतर त्या भरतकाम करत असत, आणि तीन वर्षांपूर्वी ते सुटलं होतं.

"मला वाटलं, वय झालं," त्या म्हणाल्या. "डोळे गेले असं समजून मी सुया देऊन टाकल्या हो."

सरांना बायकोकडे बघवेना. केतकीने दोन उपाय सांगितले. नवी इस्त्री आणून रोज पाच चाळीसला चालवा, म्हणजे काहीच बिघडणार नाही, किंवा आज विसरवणी करा. पहिल्या उपायाने सत्कार निर्धोक होता. विसरवणी केली तर रविवारी सर आठपर्यंत घोरत पडतील अशी भीती होती. त्यांनी पेटीवरचं जुनं, फिकट कुंकू बोटाने पुसलं आणि म्हणाले, तापवा. तासाभरात गाभा कोरा झाला. त्या रात्री दहालासुद्धा दिवे लख्ख होते.

रविवारी सर पहाटे पावणेपाचला आपोआप उठले. गाभ्याला काही आठवत नव्हतं, तरी ते उठले होते. म्हणजे ही शिस्त आपलीच, अशी खात्री पटून सर छाती काढून संध्याकाळी सभागृहात गेले. केतकीही आली होती. बाकीच्या सहा घरांची विसरवणी सोमवारी ठरली होती आणि ती मंडळी पहिल्या रांगेत बसली होती.

शाल झाली, श्रीफळ झालं. सर माइकसमोर उभे राहिले आणि इच्छाशक्तीवर बोलू लागले. माणूस यंत्राचा गुलाम नाही, असं ते म्हणत होते, आणि बोलता बोलता हाताखाली काहीतरी मऊ सरकतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी खाली पाहिलं. अंगावरची शाल केव्हाच टेबलावर पसरलेली होती आणि त्यांचा उजवा हात तिच्यावरून सावकाश पुढे-मागे फिरत होता. सुरकुती आली की दाबून, कडेला आला की वळून.

त्यांनी हात आवरायचा प्रयत्न केला. तो थांबला नाही.

मदतीसाठी त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे बारा माणसं त्यांच्याकडे आदराने पाहत होती, आणि बाराही उजवे हात आपापल्या मांडीवर, धोतरावर, साडीवर, पुढे-मागे फिरत होते. कुणाचंच स्वतःच्या हाताकडे लक्ष नव्हतं. त्यांच्यामागे केतकीशेजारी बसलेल्या उज्ज्वलाबाईंनी आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

केतकीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पाच चाळीस झाले होते. उज्ज्वलाबाईंनी तिच्याकडे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "पोरी, माणसाची विसरवणी किती तापमानाला होते गं?"