पोलिसापुढची कबुली

अभ्यासिकेत हवालदार शिरला तेव्हा सगळ्यांनी आधी मोबाइल उपडे केले आणि मग पुस्तकं उघडली. पण तो कोणाला पकडायला आलाच नव्हता. टोपी काढून तो ताईसमोरच्या खुर्चीत बसला आणि त्याने पिशवीतून सरावाचे पेपर काढले. त्याला खात्याची परीक्षा देऊन फौजदार व्हायचं होतं. ताईला सरकारी वकील. मी शेजारी बसून शाळेचं गणित सोडवत होते, म्हणजे वही तरी उघडी होती, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

ताईला पुरावा कायदा तोंडपाठ, पण लहान-मोठ्याच्या चिन्हांची कोडी आली की तिची बोबडी वळायची. त्याचं नेमकं उलट. मग काय, दोघांनी एकमेकांची शिकवणी लावली!

"अ मोठा ब-पेक्षा. क पण मोठा ब-पेक्षा," तो म्हणाला. "मग अ आणि क?"

"अ मोठा."

"कशावरून?"

"आधी आलाय ना!"

"वकीलबाई, ही रांग नाहीये. 'संबंध सांगता येत नाही', हे उत्तर."

"म्हणजे संबंध नाही?"

"नाही असं नाही... सांगता येत नाही."

ताईने मान खाली घालून ते लिहून घेतलं. एवढंसं वाक्य, पण तिला फारच वेळ लागला.

तीन महिने असेच गेले. मग एका दुपारी तो बदलीसाठी पसंती कळवायचा अर्ज घेऊन आला. पाचच्या आत द्यायचा होता. इथेच राहायचं की दूर, भावाच्या शहरात जायचं — तो रकाना कोराच.

"काय लिहू?"

"तो तुमचा प्रश्न," ताई म्हणाली. मी टेबलाखालून तिला लाथच घालणार होते! "आधी तुमचा पेपर तपासते."

आणि तिथे त्याचं चुकलेलं उत्तर निघालं. 'आरोपीने पोलिसापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येते' — यापुढे त्याने ठळक 'बरोबर' लिहिलं होतं.

"अहो, स्वतः पोलीस असून हे चुकलात? ती कबुली बाद असते."

"गणवेश नसला तरी?"

"पोलीस तो पोलीस."

तिने पेनला टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

"म्हणजे मी तुमच्यापुढे काही कबूल केलं... तर ते माझ्यावर शेकणार नाही."

"नाही शेकणार."

"मग ऐका. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. शिकवणीसाठी नाही... मला तुम्ही आवडता."

त्याचे कान लालबुंद.

"पण," तो सावकाश म्हणाला, "अशा कबुलीमुळे काही सापडलं, तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो ना?"

"तेवढाच चालतो. का? काय सापडलं?"

त्याने अर्ज भरला आणि तिच्यापुढे सरकवला. मी मान लांब करून वाचलं. ठिकाण : सध्याचंच ठाणं. कारण : कौटुंबिक.

"कौटुंबिक?" ताई किंचाळली. "अहो, अजून कशात काही नाही —"

"सरकारी कागदावर खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल," तो म्हणाला. "आता तूच बघ काय ते."

तू! पहिल्यांदाच.

आणि शब्दाशब्दावर वाद घालणाऱ्या माझ्या ताईने चक्क आक्षेप घेतला नाही.