समुद्राच्या उत्सवातली मारेम

गल्लीच्या वळणावर मारेमला आधी होडीचं नाक दिसलं, माणूस नंतर. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं, ओल्या रंगानं चकाकणारं ते भलंमोठं टोक घोडागाडीतून आडवं बाहेर आलेलं, आणि गाडी नेमकी तिच्याच अंगावर! ती भिंतीला चिकटली, पण उशीर झाला होता. नव्या हिरव्या झग्याच्या बाहीवर निळ्या रंगाचा जाड फराटा उमटला.

"डोळे आहेत की विकून खाल्ले?" ती कडाडली.

"आहेत ना..." गाडीवरून एक उंच, सडसडीत तरुण खाली उतरला. कानामागे कुंचला, हनुवटीवर निळा ठिपका. "पण रात्रंदिवस होडीवर डोळे काढत बसलो. माझ्यासाठी उरलेच नाहीत."

"नाव काय तुमचं? तक्रार कुणाच्या नावे करू?"

"मासेक दियोप. कायार गावचा. समुद्र-उत्सवात होडी मांडायला बोलावलंय."

"दियोप!" मारेमनं कपाळावर हात मारला. "मग बरोबरच आहे. सकाळी सकाळी दियोप आडवा आला की दिवस वाया."

तो थबकला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "म्हणजे... तू न्दियाय?"

"मारेम न्दियाय."

दियोप आणि न्दियाय समोरासमोर आले की एकमेकांना चिडवायचंच, ही वाडवडिलांपासूनची रीत. त्यात ओळख लागत नाही, राग तर मुळीच चालत नाही.

"अरे अरे," मासेक हळहळला. "आज मासेभात पुरायचा नाही मग. न्दियाय बसली की परातीचा तळ दिसतो."

"आणि ती परात घासायला दियोप लागतोच. जन्माचे नोकर तुम्ही आमचे!"

ती खळखळून हसली — आणि आपलंच हसू ऐकून दचकली. असं हसून तिला किती काळ लोटला होता! तिनं घाईघाईनं डोईचा रुमाल सारखा केला आणि मागे न बघता चालू लागली. पाठीवर मात्र त्याची नजर जाणवत राहिली, हिवाळ्यातल्या उन्हासारखी.

न्दारच्या बेटावर, नदीकाठच्या जुन्या गोदामात तीन दिवसांचा समुद्र-उत्सव भरला होता. डाकारहून, पार केप व्हर्देहून कवी आले होते. भिंतींवर समुद्राची चित्रं, व्यासपीठावर समुद्राच्या कविता. मारेम शाळेत शिकवायची. दोन्ही भाषा तिला चांगल्या येत म्हणून पाहुण्यांचं फ्रेंच बोलणं इथल्या वोलोफ भाषेत सांगायचं काम तिच्याकडे होतं. कारण पुढच्या रांगांत पुलापलीकडच्या गेत-न्दारची माणसं बसली होती. मासेमारी करणारे बाप्ये, मासे सुकवणाऱ्या बाया. मारेमही तिथेच राहायची.

डाकारच्या एक वयस्क कवयित्री उठल्या. प्रेमळ बाई, आवाज लोण्यासारखा. "समुद्र माझी आई आहे," त्या म्हणाल्या.

मारेमनं ते वोलोफमध्ये सांगितलं. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "मग तुमच्या आईला म्हणावं, आमची पोरं परत दे."

कुणी हसलं नाही. कवयित्री मारेमकडे वळल्या. "काय म्हणाल्या त्या?"

मारेम म्हणाली, "त्या... त्या म्हणाल्या, कविता ऐकून त्यांना मुलांची आठवण आली."

दाराशी उभ्या मासेकनं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. त्याला दोन्ही भाषा कळत होत्या.

दुपारी तो रॉकेलचा बोळा घेऊन आला. "बाही पुढे कर."

"राहू दे. धुवून टाकीन."

"हा होडीचा रंग आहे, न्दियायबाई. खाऱ्या पाण्यात वर्षभर टिकतो, तुझ्या साबणाला काय भीक घालणार?"

तो हलक्या हातानं, बोट लागू न देता बाही पुसत राहिला. रॉकेलचा उग्र वास, नदीवरचा वारा, आणि खाली झुकलेलं त्याचं डोकं... मारेमनं नजर पलीकडच्या पेलिकन पक्ष्यांवर खिळवली.

"खोटं सफाईनं बोलतेस," तो हळूच म्हणाला.

"भाषांतर म्हणतात त्याला."

"मग माझंही एक भाषांतर करून दे. एखाद्या मुलीला म्हणायचं असेल की, उद्या माझ्याबरोबर चहा घे... तर कसं म्हणतात?"

"म्हणत नाहीत. गुपचूप शेगडी पेटवतात."

दुसऱ्या दिवशी होडीच्या सावलीत शेगडी पेटलेली होती. मासेक किटली उंच धरून चहा फेसाळत होता. पहिला पेला कडू, पुढचा जरा गोड. तिसऱ्यापर्यंत थांबणारा माणूस आपला, असं म्हणतात. मारेम दुसऱ्यानंतर उठणार होती. उठली नाही.

"तुझ्या होडीला नाव का नाही?" तिनं विचारलं. "सगळ्या होड्यांवर कुणाचं तरी नाव असतं. आईचं, पीराचं..."

"सुचत नव्हतं." त्यानं तिसरा पेला तिच्या हातात दिला. "कालपासून सुचतंय. पण मालकिणीला विचारल्याशिवाय कसं लिहू?"

ती पेल्यात बघत राहिली.

"मारेम..." त्याच्या आवाजातली थट्टा गळून पडली. "थट्टा नाही करत. माझी माणसं कोलाच्या बिया घेऊन मागणी घालायला आली, तर कुणाच्या दारात यावं?"

त्यांच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरचंच नाव लावते. नावावरून त्याला कळणार कसं? आणि तिनं तरी कुठे सांगितलं होतं! दोन दिवस ती फक्त मारेम न्दियाय होऊन राहिली होती, आणि ते तिला आवडलं होतं. तेच सलत होतं.

"माझ्या नवऱ्याला विचारावं लागेल," ती म्हणाली.

मासेकनं किटली खाली ठेवली.

"पण तो सापडत नाही. बिराम त्याचं नाव. तीन वर्षं झाली, होडीतून स्पेनला निघाला. निघताना म्हणाला, पोचलो की फोन करतो. त्या होडीतल्या कुणाचाच फोन आला नाही. प्रेत नाही, निरोप नाही. सासू रोज त्याच्यासाठी भात झाकून ठेवते. इमामसाहेब म्हणाले, आईनं आणि बायकोनं मानलं तर मयताची नमाज पढू. सासूनं त्यांना दाराबाहेर काढलं." ती क्षणभर थांबली. "मी बायको नाही, विधवाही नाही. मी काय आहे, मला ठाऊक नाही, मासेक."

वाळूचा बारीक मारा होडीवर सरसरत गेला. मासेक म्हणाला, "मीही गेलो होतो."

"कुठे?"

"तिकडेच. इंजिन बंद पडलं. वाहवत राहिलो. मोठ्या जहाजानं उचललं तेव्हा आम्ही थोडेच उरलो होतो." त्यानं निखारे उगाच हलवले. "तेव्हापासून होड्या रंगवतो, चढत नाही."

मारेमनं विचारलं, "पाणी संपल्यावर... माणूस किती टिकतो?"

"मला विचारू नकोस."

"तुला ठाऊक आहे!"

"ठाऊक आहे. म्हणूनच विचारू नकोस."

ती उठली. तिचे डोळे भरून आले होते, पण ते बिरामसाठी की स्वतःसाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

गेत-न्दारमध्ये बातमी लपत नाही. तिकडून जिवंत परतलेला एक कायारचा पोरगा उत्सवात आहे, हे संध्याकाळपर्यंत दारोदार झालं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मारेमची सासू, देगेनआई, पूल ओलांडून गोदामात आली.

देगेनआई कोण, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एके काळी होडी पाण्यात लोटताना तिचं गाणं नसेल तर नावाडी खांदा लावत नसत. बिराम गेला आणि तिचा गळा बंद झाला. उत्सववाल्यांनी शेवटच्या दिवशी तिला गायला बोलावलं होतं. तिनं निरोप्याला उत्तरही दिलं नव्हतं.

ती थेट होडीपाशी गेली. मारेम धावत मागे. "आई, तुम्ही कशाला आलात? चला, बसा इकडे—"

"तू गप." म्हातारीनं मासेकला नखशिखांत न्याहाळलं. "तूच का तो? आणि हिच्यासाठी शेगडी पेटवणाराही तूच?"

मासेकनं मान खाली घातली. "होय, आई."

"बरं झालं, खोटं नाही बोललास. आता आणखी एक खरं सांग. माझा लेक गेल्याला तीन पावसाळे झाले. तू तो समुद्र पाहिलायस. माझा बिराम जिवंत असेल का?"

एक शब्द... 'नाही' एवढा एकच शब्द त्यानं उच्चारला असता तर मारेमच्या दाराची कडी निघाली असती. आणि तो शब्द खराही होता. मासेकनं मारेमकडे पाहिलं, अगदी ओझरतं — आणि त्या नजरेत त्याची सगळी ओढ तिला दिसली.

"मला नका विचारू, आई," तो म्हणाला.

"का? जीभ झडली?"

"तो जिवंत नाही म्हटलं तर माझा फायदा आहे. मला तुमची सून हवी आहे. अशा माणसाच्या तोंडचं खरंसुद्धा खोट्यासारखं असतं. माझ्या शब्दावर तुम्ही पोराला पुरावं... ते पाप मला झेपणार नाही. दुसऱ्या कुणाला विचारा. मी आज दुपारीच होडी घेऊन जातो."

देगेनआईनं सुरकुतलेला हात होडीच्या बाजूवरून फिरवला, जणू गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग मासेकच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर तिथेच लिहिलेलं होतं. खोटी आशा द्यायला त्याचे ओठ हलले नव्हते, हे तिनं ओळखलं होतं.

"मारेम," ती म्हणाली, "त्या लोकांना सांग, मी गाणार आहे."

गोदाम खचाखच भरलं. देगेनआई व्यासपीठावर चढली तेव्हा कुणीतरी माइक पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. डोळे मिटले. पहिला सूर फाटका आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. मग हळूहळू आवाजाला धार चढली. होडी लोटतानाचं जुनं गाणं ते. त्यात एकेका नावाड्याचं नाव गुंफायचं, त्याच्या बापाचं, त्याच्या मनगटाचं कौतुक करायचं. पुढच्या रांगेतले बाप्ये नकळत ताल धरू लागले. तिनं आपल्या सासऱ्याचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं. ते दोघे अंथरुणावर वारलेले, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे 'अल्ला त्याच्यावर दया करो' असं म्हणाली. मेलेल्या माणसाचं नाव कुणी त्यावाचून घेत नाही, आणि जिवंताच्या नावापुढे ते कुणी उच्चारत नाही.

"बिराम," तिनं गायलं. "देगेनचा बिराम, लाटेच्या पाठीवर बसणारा..."

सूर थांबला. तालही थांबला. मारेमनं व्यासपीठाची कड घट्ट धरली. तिला ओरडावंसं वाटलं, नको आई, नका म्हणू! तीन वर्षं जे ऐकायला ती मनातल्या मनात तडफडत होती, ते आता तिला ऐकायचं नव्हतं.

"...अल्ला त्याच्यावर दया करो," देगेनआई म्हणाली.

गोदामातून एक हुंदका उठला. मग दुसऱ्या बाईनं आपल्या मुलाचं नाव घेतलं, पुढे तेच शब्द. मग तिसरीनं. पहिल्या दिवशी आपली पोरं परत मागणारी ती बाई उभी राहिली आणि तिनं दोन नावं घेतली. डाकारच्या कवयित्रींनी मारेमचा दंड धरला. "काय म्हणताहेत?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मारेमला भाषांतर करता येईना. ती खाली बसली आणि बिरामसाठी रडू लागली. त्याच्या मोठ्या हसण्यासाठी, तो चप्पल कायम दारात उलटी टाकायचा त्यासाठी. एवढ्या दिवसांत ती त्याच्यासाठी एकदाही रडली नव्हती. वाट पाहणाऱ्या बाईला रडायची मुभा नसते.

मासेक दाराशीच होता. तो जवळ आला नाही. तिला रडू द्यावं, एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशिदीत नमाज झाली. देगेनआईनं स्वतःच्या हातानं सुनेला शुभ्र कपडे घातले, केसांना पांढरा रुमाल बांधला. "इद्दतचे, विधवेच्या शोकाचे महिने नीट पाळ," ती म्हणाली. "माझ्या पोराचा तेवढा मान राख. पुढचं आयुष्य तुझं आहे, मी त्याच्या वाटेत बसणार नाही. त्या कायारच्या पोरानं मला फसवलं असतं तर मी तुला जन्मभर बांधून ठेवलं असतं, हेही ऐकून ठेव."

मग शोक करायला माणसं येऊ लागली. शेजारी आले, शाळेतल्या बाई आल्या, उत्सवातले पाहुणेही येऊन गेले. मारेम चटईवर बसून सगळ्यांचे शब्द घेत होती. उन्हं कलताना दारात एक उंच सावली पडली.

मासेकनं धुतलेला पांढरा झगा घातला होता. कानामागे कुंचला नव्हता. आधी तो देगेनआईपुढे वाकला, मग उंबऱ्याबाहेरूनच मारेमकडे वळला. गप्पा, थट्टा, लाडीगोडी... त्या दारात यातलं काहीच बोलता येण्यासारखं नव्हतं. मृत्यूच्या घरी जे सगळे म्हणतात तेवढंच म्हणायची परवानगी होती, आणि तेच त्यानं म्हटलं. पण असं, की जणू ते शब्द यापूर्वी कुणी कुणाला म्हटलेच नव्हते.

"मान वर ठेव, मारेम."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रडून डोळे सुजले होते, आवाज बसला होता. रीतीप्रमाणे द्यायचं उत्तर तिला पाठ होतं. सकाळपासून कितीजणांना तिनं ते खाली बघून दिलं होतं. या वेळी तिनं मान उचलली.

"तूही वर ठेव," ती म्हणाली. "...आणि माझ्या वाट्याचं दुःख मी आधी पुरं करते."

"कर," मासेक म्हणाला. "मला घाई नाही."

देगेनआईनं दोघांकडे पाहिलं, आणि नव्यानं आलेल्या बायांना बसायला जागा करून दिली.