हो हो, न्या की

या, माझ्या उजव्या बाजूला बसा. डावा कान पार गेलाय, उजव्यात थोडी धुगधुगी आहे. आणि तोंडावर हात ठेवून बोलू नका, माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी सकाळीच कानातल्या यंत्राचा सेल संपला. बायकोने कापायच्या टेबलावर दोनदा थाप मारली. हादरा हाताला लागला की मी वर बघतो आणि मग ती बोलते; आमची ही पद्धतच आहे. "आधी सेल घेऊन या," म्हणाली. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ, आणि शिवायला बसलो.

शिंप्याला कान नसले तरी चालतं हो. गिऱ्हाईक विचारून विचारून काय विचारणार? झालं का, नेऊ का. त्यामुळे समोरचे ओठ हलले की मी मान डोलावून मोकळा: "हो हो, न्या की." एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही तेच सांगितलं. तो बिचारा मीटरकडे बघतच राहिला. बायको हसून हसून बेजार.

पण तोंडावर हसणं वेगळं आणि मागे कुजबुजणं वेगळं. लेक माहेरी आली की मायलेकी माझ्याकडे पाठ करून बोलतात. काय चाललंय विचारलं, तर "काही नाही." मला ते फार खुपायचं.

दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. बायको इस्त्री करत होती. दारात एक बाई येऊन उभी राहिली. विझवलेल्या चुलीसारखा ओलसर वास आला. तिने करड्या रंगाचा कोट टेबलावर ठेवला.

"बाह्या आखूड करा."

अहो, मला ऐकू आलं! सेल मेलेला, यंत्र खिशात, आणि अक्षर अन् अक्षर स्वच्छ. कान गेल्यापासून बारा वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, बघा, नीट बोललं की येतं ऐकू! घरचेच मुद्दाम पुटपुटतात. मी तिच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

"माप कुणाचं घेऊ?"

"हिचंच घ्या."

मी बायकोच्या हाताला टेप लावली. ती गोंधळून बघत होती.

"हिला घेऊन जाऊ...?"

ऐकलं मी. सगळं ऐकलं. पण जिभेला बारा वर्षांचं वळण. अर्थ डोक्यात शिरायच्या आत जीभ बोलून बसली, "हो हो, न्या की."

बाई वळली आणि निघाली. मी धडपडत दाराशी गेलो. "अहो बाई, नाही... तसं नाही..." रस्त्यावर लख्ख ऊन होतं. कोणी नव्हतं.

परत येऊन टेबलाला हात टेकला, तर दोन थापांचा हादरा लागला. "एकटेच काय बडबडत होतात?" बायकोच्या ओठांवरून कळलं.

"तिने विचारलं म्हणून..."

"कुठे काय विचारलं? तोंड मिटून उभी होती नुसती. काय न्यायला सांगितलंत तिला?"

"काही नाही," मी म्हणालो.

दुकान बंद केलं. सेल आणायलाही बायकोला हाताला धरून नेलं. नवा सेल घातला, यंत्र कानात बसवलं. पंखा, हॉर्न, दुकानदाराचा खोकला, सगळं एकदम आत घुसलं. बायको काहीतरी म्हणाली. ओठ हलले. आवाज नाही.

"पुन्हा बोल..."

पुन्हा ओठ हलले. नुसता पंखा घरघरला. घाबरून मी यंत्र उपसलं. ती पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होती, आणि तिचा आवाज आला. स्वच्छ.

"थांबा जरा... येते."

तीन महिने झाले. समोरून बोलली की तिचा शब्द ऐकू येत नाही. पाठ फिरवली की येतो. विचारलं तर म्हणते, मी कुठे काय बोलले? मी तिला एकटी सोडत नाही. आज मुद्दाम तुम्हाला बोलावलंय. दाराकडे तुम्ही बघा, तिच्याकडे मी बघतो. काल खिडकीशी पाठमोरी उभी होती. हळूच म्हणाली,

"उद्या दुपारी येते हं. यांनी हो म्हटलंय ना."