अंतराळवीराचा दोर

मोबाईल खाली ठेवा रे, नाहीतर मी उठलो. आणि हसायचं नाही. माझ्या सख्ख्या भाच्यावर, अमृतवर, बेतलेली गोष्ट आहे.

गेल्या मे महिन्यातली अमावस्या. अमृत संध्याकाळी शिरपूरहून दोनशे फुटी नवा दोर घेऊन मोटारसायकलवर गावाकडे निघाला. पोरांना अहिराणीत अंतराळाचा सिनेमा काढायचं खूळ लागलं होतं. यान पत्र्याचं, हेल्मेट पाण्याच्या जारचं. सिनेमाचा नायक म्हणजे अमृतचा जिवलग दोस्त रुपचंद. ग्रहताऱ्यांच्या पार गेलेला अंतराळवीर काळोखात तरंगतो, एवढं एकच दृश्य उरलं होतं. तरंगणार कसा? तर म्हणे, कोरड्या विहिरीत टांगू. आहे की नाही डोकं!

विहीर साठ फुटांची. रात्री दहाला रुपचंदला पट्ट्यांनी बांधून खाली सोडला. त्याच्या गळ्याशी बिनतारी माईक, अमृतच्या कानाला हेडफोन. खालचं वर ऐकू येई, वरचं त्या जारमध्ये काही पोचत नसे. म्हणून खुणा ठरल्या होत्या. दोराला एक झटका म्हणजे सोडा, दोन म्हणजे वर ओढा.

एक झटका आला. सोडला. पुन्हा एक. सोडला.

साठ फूट कधीच संपले होते. दोर जातच होता.

"भाऊ, तळ लागी नही ऱ्हायना," रुपचंद हसत म्हणाला. मग हसणं थांबलं. "भाऊ... आठे बठ्ठा अंधार शे. खाले चांदण्या दिसी ऱ्हायन्यात..."

दोर संपला. दोन झटके आले. चौघांनी ओढला. हलका लागला. फार हलका. वर आले नुसते पट्टे. बकलं लावलेली. तशीच.

आणि अमृतच्या कानात...

"खेची ऱ्हायना ना भाऊ? मना हातमा दोर शे. सोडू नको."

अमृत ओरडला. ऊर फुटेस्तोवर ओरडला. पण आवाज तिकडे पोचणार कसा? पहाटेपर्यंत ऐकत बसला. हाक लांब जात गेली. मग नुसता श्वास. मग...

सकाळी पोलीस उतरले. साठ फुटांवर कोरडा तळ. पावलाचा ठसासुद्धा नाही.

अमृतनं दोर परत आत सोडला, वरचं टोक काठच्या लिंबाच्या झाडाला बांधलं. रुपचंदला धरायला काहीतरी पाहिजे, म्हणतो. परवा मी त्याची समजूत घालायला गेलो. भर दुपारी. दोराच्या टोकाला काही बांधलेलं नाही, खाली तळावर सैल पडलेला असायला हवा. पण ताठ होता, पोरांनो. मी हात ठेवला.

एक झटका.

...दुसरा.

मी ओढायला लागलो, तर अमृतनं माझे हात घट्ट धरले. रडत होता.

"नका खेचू मामा. खेचा का रिकामाच येस."